लोकसभेचा वक्ता, जहागिरीचा धनी

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात एखादी गोष्ट समजण्यास फारशी बुद्धी लागत नाही असे सांगायचे असेल, तर त्यासाठी पापिनोचे डोके लागत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ज्याचे डोके असे म्हणीत जाऊन बसले, तो लुई-जोसेफ पापिनो हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील फ्रेंच भाषक कॅनडाचा सर्वांत मोठा राजकीय नेता होता. थोडा खंड वगळता १८१५ ते १८३७ या काळात तो विधानसभेचा अध्यक्ष होता. ब्रिटिश गव्हर्नरांच्या मनमानीला त्याने सनदशीर मार्गाने आव्हान दिले. पुढे त्याच्या नावाने बंड झाले आणि त्याला देश सोडावा लागला. हाच पापिनो ओटावा नदीच्या काठी सुमारे सहाशे चौरस किलोमीटरच्या जहागिरीचा मालकही होता. राज्यकर्त्यांनी लोकांना हिशेब द्यावा म्हणून तो आयुष्यभर भांडला. स्वतःच्या कुळांना मात्र त्याने असा हिशेब कधी दिला नाही. त्याच्या आयुष्यातील यश, अपयश आणि एकाकीपण यांचा उलगडा या विसंगतीतून बऱ्याच अंशी होतो.

पापिनोचा जन्म ७ ऑक्टोबर १७८६ रोजी मॉन्ट्रियल येथे झाला. फ्रान्सने उत्तर अमेरिकेतील आपला हा मुलूख १७६३ च्या पॅरिस तहाने ब्रिटनच्या हवाली केला, त्याला तेव्हा जेमतेम तेवीस वर्षे झाली होती. राजा बदलला तरी तेथील फ्रेंच शेतकऱ्याचे जीवन फारसे बदलले नव्हते. दक्षिणेकडील वसाहतींत असंतोष वाढत असताना लंडनच्या संसदेने १७७४ च्या कायद्याने क्युबेकमधील कॅथलिक धर्म, फ्रेंच दिवाणी कायदा आणि जमीनधारणेची जुनी सरंजामी पद्धत कायम ठेवली. १७९१ च्या कायद्याने लोअर कॅनडा व अपर कॅनडा असे दोन प्रांत झाले आणि प्रत्येकाला निर्वाचित विधानसभा मिळाली. लोअर कॅनडात फ्रेंच भाषकांचे मोठे बहुमत होते, त्यामुळे विधानसभा त्यांच्या हाती आली. मात्र गव्हर्नर लंडनहून येत असे आणि त्याचे कार्यकारी मंडळ व वरिष्ठ सभागृह नेमणुकीने भरले जाई. या दोन्ही ठिकाणी इंग्रज अधिकारी व व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. पुढील साऱ्या संघर्षाचे बीज या रचनेतच होते.

पापिनोचे वडील जोसेफ हे नोटरी आणि भूमापक. स्वकष्टाने वर आलेले हे गृहस्थ १७९२ मध्ये पहिल्याच विधानसभेत निवडून गेले होते. शतकाच्या आरंभी त्यांनी क्युबेकच्या धर्मपीठाकडून पेतीत-नासियों ही जहागीर विकत घेतली. ‘छोटे राष्ट्र’ असा अर्थ असलेले हे नाव फ्रेंचांनी तेथील एका अल्गोंक्विन जमातीला दिले होते. जहागीर तेव्हा बहुतांशी अरण्यच होती. थोरल्या मुलाचे शिक्षण मॉन्ट्रियल व क्युबेक येथील धर्मसंस्थांच्या विद्यालयांत झाले. मात्र तेथून तो बाहेर पडला तो धर्मश्रद्धा गमावून आणि अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंतांचे ग्रंथ वाचून. देनी-बेंजामिन व्हिजे या आपल्या मावसभावाच्या हाताखाली त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि १८१० मध्ये वकिलीची सनद मिळवली. पण त्याआधीच, १८०८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो विधानसभेवर निवडून गेला होता. १८१२ मध्ये अमेरिकेशी युद्ध पेटले तेव्हा तो मिलिशियात कॅप्टन होता आणि अर्थातच ब्रिटनच्या बाजूने उभा होता.

१८१५ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, विधानसभेने त्याला अध्यक्ष निवडले. तेथील अध्यक्ष हा केवळ सभागृहाचे नियमन करणारा नव्हता. बहुमत असलेल्या पक्षाचा तो नेताच असे. उंच बांधा, भारदस्त आवाज आणि तासन् तास बोलण्याची हातोटी यांमुळे पापिनो लवकरच फ्रेंच समाजाचा मुखत्यार बनला. १८१७ मध्ये त्याने वडिलांकडून जहागीर विकत घेतली आणि १८१८ मध्ये क्युबेकमधील व्यापारी व आमदार पिएर ब्रुनो यांची कन्या ज्युली हिच्याशी विवाह केला. या काळातील पापिनो हा ब्रिटिश राज्यघटनेचा निस्सीम चाहता होता. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या निधनानंतर १८२० मध्ये केलेल्या भाषणात त्याने फ्रेंच राजवटीतील अनियंत्रित कारभाराच्या तुलनेत ब्रिटिश अमलाखालील कायद्याच्या राज्याचा मुक्तकंठाने गौरव केला होता.

हा विश्वास ढासळण्यास १८२२ मध्ये प्रारंभ झाला. दोन्ही कॅनडा एकत्र करून फ्रेंच भाषकांचे बहुमत संपवण्याचे आणि त्यांच्या भाषेचे स्थान कमी करण्याचे विधेयक लंडनमध्ये मांडले गेले. त्याविरुद्ध लोअर कॅनडात सुमारे ६० हजार सह्यांचे अर्ज जमा झाले. ते घेऊन पापिनो आणि त्याचा स्कॉटिश सहकारी जॉन नीलसन १८२३ मध्ये लंडनला गेले. विधेयक बारगळले. मात्र ज्या इंग्लंडचे त्याने दुरून कौतुक केले होते, तेथील उमरावांचे वैभव आणि गरिबांची दैना त्याने या मुक्कामात जवळून पाहिली. इंग्लंडविषयीचा त्याचा आदर त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

दरम्यान पैशाच्या प्रश्नावरून गव्हर्नरशी संघर्ष पेटला होता. कर मंजूर करायचे विधानसभेने आणि त्यातून कोणाला किती पगार द्यायचा हे ठरवायचे गव्हर्नरने, ही व्यवस्था पापिनोला मान्य नव्हती. खर्चाची प्रत्येक बाब सभागृहासमोर आली पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. तेव्हाचे गव्हर्नर होते डलहौसीचे नववे अर्ल. महाराष्ट्राला हे नाव अपरिचित नाही. १८४८ मध्ये साताऱ्याचे आणि पुढे नागपूरचे राज्य खालसा करणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी हा या गव्हर्नरचा मुलगा. त्याच्या बालपणाची काही वर्षे कॅनडातच गेली होती. पित्याचाही स्वभाव हुकमत गाजवण्याचा होता. १८२७ मध्ये नव्या विधानसभेने पापिनोला पुन्हा अध्यक्ष निवडले, तेव्हा डलहौसीने ही निवड मान्य करण्यास नकार दिला आणि सभागृह स्थगित केले. याला उत्तर म्हणून सुमारे ८७ हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज लंडनला गेला. त्यांतील बहुसंख्य लोक निरक्षर असल्याने त्यांनी सहीऐवजी फुली केली होती. हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीने १८२८ मध्ये तक्रारींत तथ्य असल्याचे मानले. डलहौसीला कॅनडा सोडावा लागला आणि पुढे तो हिंदुस्थानात सरसेनापती म्हणून आला. निरक्षर शेतकऱ्यांच्या फुल्यांनी साम्राज्याच्या एका गव्हर्नरला हलवले, हा पापिनोच्या सनदशीर राजकारणाचा सर्वांत मोठा विजय होय.

पुढील काही वर्षांत त्याचे विचार अधिक प्रखर झाले. वरिष्ठ सभागृहही लोकांनी निवडावे, ही त्याची मुख्य मागणी बनली आणि आदर्श म्हणून तो लंडनऐवजी अमेरिकेकडे पाहू लागला. त्याच्या अध्यक्षतेखालील विधानसभेने संमत केलेल्या आणि १८३२ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने ज्यूंना इतर नागरिकांच्या बरोबरीचे राजकीय हक्क दिले. खुद्द ब्रिटनच्या संसदेत ज्यू सभासदाला बसता येण्यास त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लागला. मात्र याच उदारमतवादाला एक मर्यादाही होती. १७९१ च्या कायद्यात मतदारासाठी मालमत्तेची अट असली, तरी स्त्रियांना वगळलेले नव्हते. त्यामुळे लोअर कॅनडातील मालमत्ताधारक स्त्रिया मतदान करीत. १८०९ मध्ये पापिनोच्या आईने स्वतः मुलाला मत दिले होते. १८३४ मध्ये स्त्रियांना मतदानातून वगळणारी तरतूद विधानसभेत आली, तेव्हा मतदान केंद्रावरील गोंधळ स्त्रियांना शोभत नाही अशा आशयाचे कारण देऊन पापिनोने तिचे समर्थन केले. तो कायदा लंडनने अन्य कारणासाठी नामंजूर केला, पण १८४९ मध्ये स्त्रियांचा हा हक्क काढून घेण्यात आलाच.

मतदान केंद्रांवर गोंधळ होत असे हे खरे. मे १८३२ मध्ये मॉन्ट्रियलच्या पोटनिवडणुकीत लष्कराने केलेल्या गोळीबारात तीन फ्रेंच कॅनेडियन ठार झाले. त्याच उन्हाळ्यात स्थलांतरितांच्या जहाजांतून कॉलरा आला आणि त्याने हजारो बळी घेतले. लोकांची मने कडवट झाली. फेब्रुवारी १८३४ मध्ये विधानसभेने तक्रारी व मागण्यांचे ९२ ठराव मोठ्या बहुमताने संमत केले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत पापिनोच्या पात्रियोत, म्हणजे देशभक्त पक्षाला जनतेने प्रचंड कौल दिला. ठराव ज्यांना टोकाचे वाटले ते नीलसनसारखे जुने मित्र मात्र पक्षापासून दुरावले. विधानसभेने सरकारी खर्चाला मंजुरी देणेच थांबवले. न्यायाधीश आणि अधिकारी यांचे पगार थकले. लंडनने उत्तर देण्यास तीन वर्षे घेतली. मार्च १८३७ मध्ये लॉर्ड जॉन रसेलने दहा ठराव मांडले. त्यांनी निर्वाचित वरिष्ठ सभागृहाची मागणी फेटाळली आणि विधानसभेच्या संमतीविना तिजोरीतील पैसा खर्च करण्याची मुभा गव्हर्नरला दिली. पापिनोने ज्या एका तत्त्वासाठी वीस वर्षे वेचली होती, तेच या ठरावांनी मोडीत काढले.

१८३७ च्या उन्हाळ्यात गावोगाव सभा झाल्या. विलायती मालावर बहिष्कार पुकारण्यात आला. ऑगस्टमध्ये विधानसभा भरली तेव्हा पक्षाचे अनेक आमदार घरी विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचे कपडे घालून आले. काही दिवसांतच सभागृह विसर्जित झाले. पुन्हा ते भरले नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस सें-शार्ल येथे सहा परगण्यांची प्रचंड सभा झाली. तेथे पापिनोने बहिष्काराचा आणि सनदशीर मार्गाचा आग्रह धरला. डॉक्टर वुल्फ्रेड नेल्सन या त्याच्या सहकाऱ्याने मात्र घरातील चमचे वितळवून गोळ्या ओतण्याची वेळ आल्याचे सांगितले. टाळ्या नेल्सनला मिळाल्या. मॉन्ट्रियलचे बिशप जाँ-जाक लार्तिग हेही पापिनोचे मावसभाऊ. त्यांनी त्याच सुमारास पत्रक काढून कायदेशीर सत्तेविरुद्ध उठणे हे पाप असल्याचे बजावले. एकाच आजोळचे हे दोन पुरुष अशा रीतीने एकमेकांसमोर उभे राहिले.

नोव्हेंबरच्या आरंभी मॉन्ट्रियलमध्ये दंगल उसळली आणि पापिनोच्या घरावर हल्ला झाला. त्याच्या अटकेची वॉरंटे निघाली. तत्पूर्वीच तो शहर सोडून रिशलियू नदीच्या खोऱ्यात गेला होता. २३ नोव्हेंबर रोजी सें-देनी येथे नेल्सनच्या शेतकऱ्यांनी ब्रिटिश सैन्याला माघार घ्यायला लावली. पण त्या दिवशी पापिनो तेथे थांबला नाही. लढाईच्या वेळी तो गाव सोडून निघून गेला होता. पुढील वाटाघाटींसाठी नेता सुरक्षित राहावा म्हणून नेल्सननेच आपल्याला जायला सांगितले, असे त्याचे म्हणणे. तो पळून गेला, असे नेल्सनने अकरा वर्षांनंतर जाहीरपणे म्हटले. हा वाद इतिहासकार अजून घालतात. दोन दिवसांनी सें-शार्ल पडले. १४ डिसेंबरला सें-युस्ताश येथील चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या पात्रियोतांचा पाडाव झाला. सुमारे सत्तर जण मारले गेले आणि गाव जाळण्यात आले. एक हजार पौंडांचे इनाम डोक्यावर घेऊन पापिनो सरहद्द ओलांडून अमेरिकेत पोहोचला.

तेथे निर्वासितांनी दुसऱ्या उठावाची तयारी चालवली होती. फेब्रुवारी १८३८ मध्ये वुल्फ्रेडचा भाऊ रॉबर्ट नेल्सन याने लोअर कॅनडाचे स्वातंत्र्य जाहीर केले. त्या जाहीरनाम्यात जहागीरदारी रद्द करण्याचे कलम होते. पापिनोने या उद्योगापासून स्वतःला दूर ठेवले. तयारी अपुरी आहे आणि अमेरिकन सरकारची मदत नाही, ही त्याची कारणे खरीच होती. पण जहागीरदारीवरील घाव त्याला मानवला नाही, हेही तितकेच खरे. नोव्हेंबरमधील दुसरा उठाव काही दिवसांतच चिरडला गेला. बारा जणांना मॉन्ट्रियलमध्ये फाशी झाली आणि ५८ जणांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. लॉर्ड डरहॅमने आपल्या अहवालात फ्रेंच कॅनेडियनांना इतिहास व साहित्य नसलेला समाज ठरवले आणि त्यांना इंग्रजांत विलीन करण्याचा उपाय सुचवला. १८२३ मध्ये पापिनोने रोखलेले एकत्रीकरण १८४१ मध्ये अमलात आले.

पापिनो त्या वेळी पॅरिसमध्ये होता. फ्रान्सची मदत मिळेल या आशेने तो १८३९ मध्ये तेथे गेला; पण लुई-फिलिपच्या सरकारला ब्रिटनशी सलोखा हवा होता. त्याच वर्षी लुई ब्लाँच्या नियतकालिकात त्याने उठावाचा इतिहास लिहिला आणि बंडाची जबाबदारी ब्रिटिश सरकारवर टाकली. लामने यांच्यासारख्या विचारवंतांशी त्याचा स्नेह जुळला. पैशाची मात्र कायम चणचण होती. ज्युली मुलांसह पॅरिसला आली आणि १८४३ मध्ये परत गेली. त्याच्याविरुद्धचा खटला मागे घेतला गेल्यावरही तो लगेच परतला नाही. १८४५ मध्ये, आठ वर्षांच्या परागंदा आयुष्यानंतर, तो मायदेशी आला.

बदललेल्या देशात त्याला आपले स्थान सापडले नाही. त्याचा एके काळचा अनुयायी लुई-इपोलित लाफोंतेन याने अपर कॅनडातील सुधारकांशी हातमिळवणी करून १८४८ मध्ये विधानसभेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ मिळवले. सरकारी तिजोरीवर लोकप्रतिनिधींचा ताबा हे पापिनोचे ध्येय त्यामुळे बव्हंशी साध्य झाले होते. पण ज्या एकत्रीकरणाच्या पायावर ते उभे होते, तो पायाच त्याला अमान्य होता. १८४८ मध्ये तो पुन्हा निवडून आला आणि लाफोंतेनवर तुटून पडला. कॅनडाने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामील व्हावे, असाही पुरस्कार त्याने केला. तरुण जहाल त्याला गुरुस्थानी मानत, मात्र बहुमत त्याच्यामागे राहिले नाही. १८५४ मध्ये त्याने राजकारणाचा निरोप घेतला.

आता उरली जहागीर. अध्यक्षपदाच्या थकलेल्या वेतनाची मोठी रक्कम हाती आल्यावर त्याने ओटावा नदीकाठी, मोंतेबेलो येथे, मनोऱ्यांचा एक प्रशस्त वाडा बांधला. त्यात त्याने आपला मोठा ग्रंथसंग्रह ठेवला, सभोवती बाग केली. त्याच्या गैरहजेरीत भाऊ देनी-बेंजामिन याने कारभार सैल हाताने चालवला होता, कुळांकडे मोठी बाकी थकली होती. पापिनोने वसुली कडक केली आणि थकबाकीदारांना न्यायालयात खेचले. कुळाला वार्षिक खंड द्यावा लागे; जमीन विकली गेल्यास किमतीचा बारावा हिस्सा जहागीरदाराचा; धान्य दळायचे ते त्याच्याच गिरणीत आणि दळणाचा चौदावा भाग त्याला देऊन. त्यातच जमीन नापीक आणि हिवाळा लांब. अनेक कुळांना लाकूडतोडीच्या मजुरीवर गुजराण करावी लागे. जंगलातील मौल्यवान लाकडावरही हक्क जहागीरदाराचाच होता.

या व्यवस्थेचे समर्थन पापिनो मनापासून करीत असे. इंग्रजी पद्धतीत जमीन पैसेवाल्या सट्टेबाजांच्या हाती जाते. जहागिरीत मात्र हाती दमडी नसलेल्या शेतकऱ्यालाही जमीन मिळते आणि फ्रेंच समाज एकत्र राहतो, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य होते. सेंट लॉरेन्सच्या काठी फ्रेंच खेडी टिकली ती काही अंशी या जमीनधारणेमुळेच. पण ज्याच्या नावाने हे समर्थन चालले होते त्या शेतकऱ्याचे मत काय आहे, हे जाणून घेण्यासाठी पेतीत-नासियोंत कोणतीही सभा भरत नव्हती. १८५४ मध्ये कायद्याने जहागीरदारी संपवली, त्यालाही पापिनोचा विरोध होता.

घरातही दुःखाची मालिका सुरू झाली. धाकटा मुलगा गुस्ताव्ह १८५१ मध्ये ऐन तारुण्यात गेला. पॅरिसमध्ये वैद्यक शिकलेल्या लाक्तांसला मानसिक आजाराने ग्रासले. त्याचा फ्रान्समधील रुग्णालयात १८६२ मध्ये अंत झाला. त्याच वर्षी ज्युलीही निवर्तली. चित्रकार नापोलियों बुरासा याच्याशी विवाह झालेली मुलगी अझेली १८६९ मध्ये वारली. तिचा मुलगा आंरी बुरासा याने पुढे १९१० मध्ये मॉन्ट्रियलमध्ये ‘ल दव्वार’ हे वृत्तपत्र स्थापन केले आणि आजोबांची वाणी व हट्ट दोन्ही वारशाने घेतल्याचे दाखवून दिले.

१८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य झाले. त्या डिसेंबरमध्ये एक्याऐंशी वर्षांचा पापिनो मॉन्ट्रियलच्या कॅनेडियन इन्स्टिट्यूटमध्ये अखेरचे मोठे भाषण करण्यास उभा राहिला. जनतेला न विचारता बनवलेल्या या घटनेचा त्याने धिक्कार केला. २३ सप्टेंबर १८७१ रोजी मोंतेबेलो येथे त्याचे निधन झाले. आयुष्यभर नाकारलेल्या धर्मसंस्कारांना त्याने मृत्यूच्या दारातही नकार दिला. वाड्याच्या आवारातील कौटुंबिक चॅपेलमध्ये त्याचे दफन झाले.

पराभूत नेत्याला इतकी स्मारके क्वचितच लाभतात. मॉन्ट्रियलच्या मेट्रोचे एक स्थानक पापिनो या नावाचे आहे. स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या कॅनेडियन स्वयंसेवकांच्या पलटणीला १९३७ मध्ये त्याचे आणि अपर कॅनडातील बंडाचा नेता मॅकेंझी याचे नाव देण्यात आले. मोंतेबेलोचा वाडा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केला आहे. २००३ पासून क्युबेकमध्ये मे महिन्यात पात्रियोतांचा राष्ट्रीय दिन पाळला जातो.

त्याच्या हिशेबातील बाकीही मागे उरली. १८५४ च्या कायद्याने सरंजामी हक्क संपले, पण त्यांच्या बदल्यात ठरवलेला रोख खंड क्युबेकचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या भरत राहिले. त्याची अखेरची वसुली १९४० मध्ये झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्युबेकच्या विधिमंडळाने स्त्रियांना प्रांतिक निवडणुकीत मतदानाचा हक्क दिला. ज्या दोन गोष्टींत पापिनो आपल्याच तत्त्वाला अपुरा पडला, त्यांचा निवाडा व्हायला त्याच्या मृत्यूनंतर एकोणसत्तर वर्षे लागली. दोन्ही ठिकाणी तो झाला तो निवडून आलेल्या सभागृहाने केलेल्या कायद्याने, म्हणजेच ज्या सभागृहाच्या अधिकारासाठी त्याने आपले घर, प्रतिष्ठा आणि देश पणाला लावला होता, त्याच्याच वारसाने.